डबल बेल

पोळ्यापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं आणि त्याचा सगळा ताण आशाबाईंच्या घशावर पडत होता. पोळा झाला, दिवाळी झाली, संक्रांतही उरकली. भगवानराव ओसरीत चहा पीत बसलेले असायचे, गजेंद्र दोन हातांच्या अंतरावर भाकरी खात असायचा, आणि भगवानराव बायकोला म्हणायचे, "त्याले सांग, विहिरीवरची मोटर बंद कर." गजेंद्र घास गिळून म्हणायचा, "आई, बाबाले सांग, केव्हाच केली." आणि हे दोन्ही निरोप आशाबाईंनी मोठ्यानं बोलून पोचवल्याशिवाय पुढचं पान हलायचं नाही. एकदा कंटाळून त्यांनी गप्प बसून पाहिलं, तर दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत तसेच बसून राहिले, आणि मोटर तासभर उगीच चालली.

भांडणाचं मूळ गोठ्यात होतं. आशाबाईंचे सासरे सोनाजी यांची अठ्ठ्याहत्तर सालची राजदूत मोटारसायकल वीस वर्षं तिथं पडून होती. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ऐन पोळ्याच्या सकाळी, बैल धुवायचे सोडून, गजेंद्रनं ती राजदूत बाहेर काढून पाइपानं धुवायला घेतली. धामणगाव बढ्यातला अर्धा पोळा ते बघायला उभा राहिला. बैलांआधी भंगाराला आंघोळ घातली, हे भगवानरावांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी चार लोकांत पोराला 'पाने-पक्कड पिळणारा' म्हटलं, पोरानं बापाला 'तुमाले काय समजते' म्हटलं, आणि तिथून पुढचा कारभार आशाबाईंकडे आला.

तसं पाहिलं तर तिसऱ्याच्या तोंडून बोलण्याची या घरात जुनी चाल होती. आशाबाई स्वतः बत्तीस वर्षांत भासऱ्यांशी, म्हणजे भगवानरावांचे थोरले भाऊ पुंजाजी यांच्याशी, एक शब्द सरळ बोलल्या नव्हत्या. पदर पुढे ओढायचा आणि भिंतीला सांगायचं, की जेवायला वाढलंय म्हणावं. पण तो मान होता. बापलेकांचं हे निराळंच होतं, आणि ते किती वाढलंय हे मार्गशीर्षात खळ्यावर कळलं. तूर उफणायचं काम चाललं होतं, पुंजाजी बांधावर बसून सल्ले देत होते. तेवढ्यात बुलडाण्याला जानेवारीत मोटारसायकलींचा मेळावा आहे आणि गजू आजोबांची गाडी नेणार आहे, असा विषय निघाला.

"त्याले सांग," भगवानराव बायकोला म्हणाले, "तिथं पहिला नंबर आन. सडकेवरची दोन गुंठे जागा तुही. गॅरेज टाक, काय टाकायचं ते टाक. नाही आला तर पाने-पक्कड मोडीत घाल आन नीट वावरात ये."

"बाबाले सांग," गजेंद्र म्हणाला, "नंबर नाही आला तर वावरातही येत नाही. चाकणले जातो. दोस्तानं काम पाहून ठेवलं हाय."

आशाबाईंनी दोन्ही वाक्यं पोचवली. पोचवताना त्यांचा आवाज कापला, ते तुरीच्या भुसानं असेल असं सगळ्यांनी समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी सून अश्विनीनं निळी बॅग भरली आणि खाटेखाली सरकवली. तेव्हापासून रोज सकाळी झाडताना केरसुणी त्या बॅगेला अडायची. पोरगा जाईल, सून जाईल, आणि मग या माणसाचे निरोप आपण कोणाला नेऊन द्यायचे, हा विचार आशाबाईंच्या मनातून हलत नव्हता. राजदूतचा नंबर यावा म्हणून त्यांनी बोलायचे तेवढे नवस बोलून ठेवले होते.

मेळाव्याच्या दिवशी पहाटे गजेंद्र आणि अश्विनी राजदूतला गोधडीत गुंडाळून छोटा हत्ती टेम्पोत घालून घेऊन गेले. पुढे ड्रायव्हरजवळ पुंजाजी बसले, कारण गाडी त्यांच्या बापाची होती. भगवानराव मात्र आदल्या रात्रीच जाहीर करून मोकळे झाले होते, की आपण काही मेळाव्या-बिळाव्याला जाणार नाही. देऊळघाटला बहीण रेणुका हिची तूर उफणायची राहिली आहे, तिकडे जायचं आहे, रस्त्यात बुलडाणा लागतंच तर डबा देऊन टाकू. आशाबाईंनी बघितलं, की तूर उफणायला निघालेल्या माणसानं गुळगुळीत दाढी केली आहे आणि इस्त्रीचा सदरा घातला आहे. त्यांनी भरीत, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

ही जागा नीट सांगायला हवी. भगवानरावांची रोजची गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी हिरो होंडा. तिच्या डाव्या अंगाला जुन्या पाटाची एक लांब फळी लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली होती, कारण आशाबाईंचे पाय आखूड आणि एका अंगाला पाय टाकून बसलं की ते लोंबकळायचे. मागे पाठीला टेकायला मोडक्या खुर्चीची जाळी होती. दोन बाजूंना दुधाच्या कॅनचे हूक. अगदी मागे, नंबरप्लेटच्या वर, उफणणीचा पंखा. गाडी मोठ्या स्टँडवर लावून गिअरमध्ये टाकली की मागच्या चाकाला टेकलेला रूळ फिरे, त्यावरून पट्टा, आणि पट्ट्यावर पंखा. आणि आशाबाईंच्या उजव्या हाताशी एक दोरी होती. ती सीटखालून हँडलपर्यंत गेलेली आणि तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी.

घंटीला कारण घडलं होतं. सहा वर्षांपूर्वी मोताळ्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर आशाबाई मागच्या मागे रस्त्यावर बसल्या. लागलं काहीच नाही. पण भगवानराव कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, ते तसेच बोलत दोन किलोमीटर पुढे गेले, आणि बायको आज मधेमधे टोकत नाही म्हणून खुशीत होते. त्यानंतर गजेंद्रनं आधी जाळी बसवली, मग घंटी. एस.टी.सारखं ठरवून दिलं: एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. भगवानराव तेव्हा चिडले होते, की गाडीचं गाढव करून ठेवलं. प्रत्येक गोष्ट बसवताना ते असंच चिडले, आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवसापासून वापरत आले. घंटी वाजली की ते थांबत आणि दोनदा वाजली की निघत. इतकं निमूटपणे त्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं.

राजूर घाटात थंडीनं बोटं कडक झाली. आशाबाईंनी एकदा दोरी ओढली, गाडी थांबली, शाल नीट लपेटली, दोनदा ओढली, गाडी निघाली. कॉलेजच्या मैदानाशी पोचेपर्यंत दहा वाजले होते.

फाटकाशी दोन दोर लावले होते, एक उजवीकडे वळणारा आणि एक डावीकडे. मध्ये गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी उभी होती, तिच्या छातीवर 'करिष्मा' अशी पाटी. येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती न बघताच उजवीकडे हाकलत होती. ही गाडी समोर आल्यावर तिनं फळीपासून पंख्यापर्यंत बघितलं, शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाली, "काका, तुम्ही डावीकडे घ्या. फॉर्म भरलाय का?"

फॉर्म पार्किंगचा आहे, याबद्दल भगवानरावांना तिळमात्र शंका आली नाही. हल्ली तूर विकायला नेली तरी कागद मागतात, गाडी लावायला मागितला तर नवल नव्हतं. चष्मा घरी होता, म्हणून करिष्माच विचारत गेली आणि लिहीत गेली. नाव, गाव, गाडीचं साल. मग तिनं विचारलं, की गाडीवर काय काय बसवलंय. हा प्रश्न भगवानरावांना फार आवडला. जबाबदार माणसं दिसतात, म्हणून त्यांनी एकेक वस्तू हात लावून नोंदवायला सांगितली. पायाची फळी एक. पाठीची जाळी एक. घंटी पितळी एक, दोरीसकट. हूक दोन. पंखा एक, पट्टा नवा.

"आन जाताना मी मोजून घेईन," ते म्हणाले.

"हो काका," करिष्मा म्हणाली. "आणि हे सगळं बनवलं कुणी?"

भगवानराव थांबले. आशाबाईंनी शाल कानावरून खाली केली.

"ते राहू द्या," भगवानराव म्हणाले. "चोराले त्याचं काय करायचं?"

करिष्माला हे समजलं नाही, पण मागे गाड्या खोळंबल्या होत्या. तिनं तेवढी जागा कोरी सोडली, हँडलला एक्केचाळीस नंबरची पाटी बांधली आणि पोह्यांची दोन कूपनं हातात दिली. गाडी लावायला जागा आणि वर पोहे, हा व्यवहार भगवानरावांना मनापासून पटला.

एक्केचाळीस नंबरची जागा नेमकी राजदूतच्या समोर आली. गजेंद्रनं काळी राजदूत अशी काही चमकवली होती, की अश्विनी तिच्या टाकीत बघून टिकली सरळ करत होती. बाजूला पुंजाजी हाताची घडी घालून उभे. येईल त्याला ते सांगत होते, की ही माझ्या बापाची गाडी, या गाडीवर माझ्या बापानं अख्खा तालुका पालथा घातला. सोनाजींनी ती मुख्यतः जळगावला तमाशा बघायला जायला वापरली होती, पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

समोरून दुधाचे हूक आणि भरिताचा डबा घेऊन आलेले आईबाप बघून गजेंद्रचा चेहरा पडला. तो जवळ आला.

"आई, बाबाले सांग, गाडी पार्किंगमधी लावा. इथी लावाची नसते."

आशाबाईंनी सांगितलं.

"त्याले सांग, मले त्या पोरीनं इथीच लावाले सांगतली. पक्की पावती हाय."

आशाबाईंनी तेही सांगितलं. गजेंद्रनं दोन्ही बाजूंच्या चकचकीत गाड्यांकडे बघितलं, मग फळीकडे, आणि मान खाली घालून परत गेला. पोरगा आपल्याला लाजतोय, हे आशाबाईंना दिसलं. त्यांना वाईट वाटलं, पण उठून कुठे जाणार, मैदानात बसायला दुसरी जागा नव्हती. त्या गाडीवर आपल्या जागी बसून राहिल्या आणि मांडीवर डबा ठेवला.

तेवढ्यानं गर्दी जमायला लागली. लोकांना वाटलं, बाईसुद्धा मांडणीतली आहे. कॉलेजची पोरं फोटो काढायला लागली, एकानं आशाबाईंना जरा डावीकडे बघायला सांगितलं, त्यांनी बघितलं. संग्रामपूरहून आलेल्या एका बाईनं घंटीचं विचारलं. आशाबाईंनी गतिरोधकाची गोष्ट सांगितली, आणि ती दोन किलोमीटरवर येईपर्यंत बायांचा घोळका हसून हसून एकमेकींना धरायला लागला. भगवानराव जरा दूर उभे राहून दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं आकाशाकडे बघत होते. मग एकेक बाई फळीवर पाय ठेवून, जाळीला टेकून बघायला लागली. गुडघ्यांना बरं वाटतं, साडी चाकात जात नाही, पडायची भीती नाही. एकीनं विचारलं, हे करून कोण देतं? दुसरीनं विचारलं. आशाबाईंनी मोजलं, अकरा जणींनी विचारलं. नाव जिभेच्या टोकावर होतं. पण ते यांनी सांगायचं आहे, आपण नाही, असं त्यांनी का कोण जाणे मनाशी धरलं आणि प्रत्येकीला म्हणाल्या, "त्याईले विचारा." भगवानराव प्रत्येकीला म्हणाले, "आहे एक जण."

पुंजाजींच्या लक्षात आलं, की आपल्या बापाच्या गाडीपुढे आता फक्त एक कुत्रं उभं आहे. ते हळूच मधली वाट ओलांडून आले आणि हिरो होंडावर हात ठेवून उभे राहिले.

"माह्या भावाची गाडी हाय," ते सांगायला लागले. "लहान्या भावाची. माह्याच सल्ल्यानं घेतली."

बारा वाजता परीक्षक आले. तिघं होते. त्यांतले मोठे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कानटोपी घातलेले, फार सावकाश चालत होते. ते राजदूतपाशी वाकले. त्यांनी इंजिन ऐकलं, मान डोलावली. तारा बघितल्या, मान डोलावली. मग सीटवर बोट आपटून म्हणाले, "हे नवं आहे."

"जुन्यावर कोंबड्या बसत होत्या, साहेब," गजेंद्र म्हणाला.

"मूळ अवस्था म्हणजे मूळ अवस्था," परीक्षक म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नेमकी हीच वेळ समोर एका माणसानं साधली. त्यानं भगवानरावांना विचारलं, की हा पंखा खरंच चालतो का नुसता शोभेला आहे. पंधरा वर्षं रोज वापरलेल्या गाडीबद्दल कोणी असं विचारावं, हे भगवानरावांना सहन झालं नाही. रेणुकाच्या तुरीबरोबर उफणू म्हणून घरची अर्धं पोतं राहिलेली तूर हुकाला बांधलेली होती. त्यांनी आशाबाईंना खाली उतरवलं, गाडी मोठ्या स्टँडवर ओढली, किक मारली, गिअर टाकला आणि पोतं सोडून पंख्यापुढे धार धरली.

तूर खाली पडली, दाणा न् दाणा स्वच्छ. भूस वाऱ्यावर गेलं, आणि वारा राजदूतच्या दिशेनं होता. चकचकीत गाड्यांची अख्खी रांग पिवळी झाली. परीक्षकांच्या कानटोपीवर, वहीवर, अश्विनीच्या केसांत, राजदूतच्या टाकीवर भूस. गजेंद्र डोळे चोळत धावत आला आणि बापापासून हातभर अंतरावर उभा राहून, इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला, "आई, बाबाले सांग, वारा कोणीकडून हाय ते पाहा म्हणा."

"आहो, वारा पाहा," आशाबाई ओरडल्या.

"त्याले सांग, वाऱ्याचं मले शिकवू नको. तो जन्माले आला नव्हता तवापासून उफणून राह्यलो."

"गजू, ते म्हणतात, शिकवू नको."

"बाबाले सांग, माही चार महिन्याची मेहनत पिवळी झाली."

परीक्षकांनी आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, आणि मग आशाबाईंना आदरानं विचारलं, की या दोघांपैकी ऐकू कोणाला येत नाही. तेवढ्यात पट्टा घसरला आणि पंखा खडखडायला लागला. गजेंद्रनं विचार न करता हात घालून इंजिन बंद केलं, रूळ अंगठ्यानं दाबला, पट्टा चढवला, खीळ ठोकली. डोळे मिटून केल्यासारखं केलं. परीक्षक पुढे झाले.

"तुला हे यंत्र चांगलं माहीत दिसतं. तू केलंस का?"

गजेंद्रनं तोंडावरचं भूस पुसलं. सभोवती पन्नास लोक होते, कॉलेजची पोरं मोबाइल धरून उभी होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "माही गाडी ती तिकडची. राजदूत."

हे आशाबाईंना बापाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. बाप त्या कामाला नावं ठेवायचा, हे जुनं होतं. आज पोरानंच आपल्या हाताचं काम माझं नाही म्हटलं. त्यांनी भगवानरावांकडे बघितलं. ते पोत्याचं तोंड बांधत होते, आणि एरवी एका झटक्यात बसणारी गाठ त्यांना तीनदा बांधावी लागली.

निकाल चार वाजता लागला. जुन्या मूळ अवस्थेतल्या गाड्यांत पहिली खामगावची, दुसरी चिखलीची, तिसरी मेहकरची. राजदूतचं नाव कुठंच नव्हतं. गजेंद्रनं गाडी पुसून काढली आणि तो गोधडी झटकून घडी करायला लागला. अश्विनी आशाबाईंजवळ येऊन उभी राहिली आणि नुसती पायाखाली बघत राहिली. भगवानराव पैज जिंकले होते. जिंकलेल्या माणसानं खरं तर काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि पुन्हा काढली.

मग लाउडस्पीकर म्हणाला, "कामाची गाडी, प्रथम क्रमांक. गाडी नंबर एक्केचाळीस. मालकांनी मंचावर यावं."

"आपली गाडी कोणाले आडवी आली अशीन," भगवानराव म्हणाले, आणि पावती हातात धरून लगबगीनं मंचावर गेले. पाहुणे शाल घेऊन पुढे आले तरी ते सांगतच होते, की काढतो, आत्ता काढतो. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या वाजल्या, तेव्हा कुठे हे निराळं प्रकरण आहे असं त्यांना दिसायला लागलं. दरम्यान करिष्मा आणि तिच्या मैत्रिणींनी गाडी ढकलत मंचाशी आणली होती. आशाबाई पुन्हा फळीवर पाय टेकून बसल्या होत्या, त्यांना उतरवायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून त्याही गाडीबरोबर आल्या.

कानटोपीवाल्या परीक्षकांनी माइक घेतला. म्हणाले, की वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं काढली, पण घरातल्या माणसाचं बसणं, पडणं, बोलणं एवढं बघून केलेली गाडी पहिल्यांदा पाहिली. फक्त फॉर्मवर एक जागा कोरी आहे. हे बनवलं कोणी, तेवढं मालकांनी सांगावं. आणि त्यांनी माइक भगवानरावांच्या तोंडासमोर धरला.

भगवानरावांचा कंठमणी खालीवर झाला. बत्तीस वर्षांच्या संसारात आशाबाईंना त्या कंठमण्याचा सगळा हिशेब पाठ झाला होता. पोराचं नाव घ्यावं तर पहिला नंबर पोराचा, आणि नंबर पोराचा तर सडकेवरची जागा पोराची. न घ्यावं तर शाल आपली, जागा आपली, आणि खाटेखालची बॅग उद्या एस.टी.त.

"तसं काही नाही," भगवानराव माइकमध्ये म्हणाले. "घरच्या घरी आपलं, असंच..."

आशाबाईंनी दोरी ओढली. एकदाच. घंटी मैदानभर ऐकू गेली, कारण माइक तिच्यापाशीच होता.

भगवानराव थांबले. सहा वर्षांची सवय होती, वाक्य अर्ध्यात ठेवून ते जागच्या जागी थांबले. मैदान थांबलं. आशाबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि दोरी दोनदा ओढली.

"माह्या पोरानं केलं," भगवानराव म्हणाले. "सगळं त्यानंच केलं. फळी, जाळी, घंटी, पंखा. मी भंगार म्हणत होतो आन वापरत होतो. गजेंद्र नाव हाय. तो काय, तिकडं गोधडीची घडी करून राह्यला."

सगळं मैदान वळून बघायला लागलं. गजेंद्र गोधडीची दोन टोकं दोन हातांत धरून तसाच उभा राहिला. अश्विनीनं जाऊन त्याच्या हातातून गोधडी काढून घेतली.

मंचावरून उतरता उतरता भगवानरावांना जमिनीची आठवण आलीच. ते आशाबाईंच्या कानाशी लागले, की नाव सांगितलं ते ठीक, पण खळ्यावरचं बोलणं राजदूतचं होतं, या गाडीचं नव्हतं. आशाबाईंनी मान वर केली. चार पावलांवर पुंजाजी उभे होते, सकाळपासून दोन्हीकडचे मालक. आशाबाईंनी पदर पुढे ओढला नाही, भिंत शोधली नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे बघून त्या सरळ बोलल्या.

"दादाजी, तुमी होता ना खळ्यावर? काय ठरलं होतं?"

पुंजाजींना इतका धक्का बसला, की कोणाची बाजू घ्यावी हे ठरवायला सवडच मिळाली नाही आणि तोंडातून खरं निघून गेलं.

"पहिला नंबर आनायचा ठरलं होतं," ते म्हणाले. "गाडी कोणती, ते काही ठरलं नव्हतं."

भगवानरावांनी भावाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. मग ते गाडीच्या मागे गेले आणि करिष्माला हाक मारून वस्तू मोजून घ्यायला लागले. फळी एक. जाळी एक. घंटी एक. हूक दोन. पंख्यापाशी त्यांनी पट्टा काढून पुन्हा चढवला आणि ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. गजेंद्र पलीकडे येऊन उभा राहिला होता. आशाबाईंनी सवयीनं घसा साफ केला.

"गजू," भगवानराव पंख्याकडे बघतच म्हणाले, "पट्टा ढिला हाय का बे हा?"

"ढिला नाही, बाबा," गजेंद्र म्हणाला. "तुमी आत्ता वाकडा चढवला."

"म्या वाकडा चढवला?"

"मंग काय. दरवेळेस वाकडाच चढवता. इकडं पाहा."

आणि दोघं एकमेकांना डोकं लागेल इतकं वाकून भांडायला लागले. आशाबाईंचं तोंड उघडंच होतं, ते त्यांनी मिटलं. त्या जरा वेळ थांबल्या, कोणी निरोप देतंय का बघितलं. कोणी दिला नाही. इथं आता आपल्याला काही काम नाही, हे लक्षात आल्यावर डोळे भरून आले, ते त्यांनी शालीच्या टोकानं पुसले आणि कमरेच्या पिशवीतून पोह्यांची दोन कूपनं काढली.

"चाल वं अश्विनी," त्या म्हणाल्या, "थंड व्हायच्या आधी खाऊन घेऊ. आन घरी गेल्यावर ती निळी बॅग खाटेखालून काढजो. झाडताना मधी येते."